बी. एस्सी. नर्सिंगला जायचंय? आधी कागद, मग सीईटी, मग रुग्णालय

बारावीचा निकाल लागला की आठवडाभर एकच प्रश्न कानावर येतो: "नीटला मार्क कमी पडले, नर्सिंगला लागेल का?" या प्रश्नातच पहिली चूक आहे. महाराष्ट्रात बी. एस्सी. नर्सिंगसाठी आता राज्याची स्वतंत्र सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आहे. ती सुरू होण्याआधी काही वर्षं हे प्रवेश नीटच्या गुणांवर व्हायचे, त्यामुळे कॉलेजातल्या ताई-दादांनी सांगितलेलं बरंचसं आता लागू पडत नाही. आणि जी चूक सर्वांत महागात पडते ती वेळेची. 2024 मध्ये ही सीईटी 28 मे रोजी झाली, पण 2025 मध्ये ती एप्रिलच्या सुरुवातीलाच उरकली. बारावीचा निकाल हातात येईपर्यंत सीईटीचा अर्ज तर बंद झालेलाच होता, परीक्षाही होऊन गेली होती. म्हणजे नर्सिंगचा विचार मनात असेल, अगदी दुसरा-तिसरा पर्याय म्हणून असला तरी, बारावीच्या वर्षाच्या हिवाळ्यातच सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या, संकेतस्थळावर नजर ठेवायला सुरुवात करा. अर्ज भरून ठेवला आणि पुढे दुसरीकडे गेलात तर फक्त अर्जाचं शुल्क जातं. भरला नाही तर राज्याच्या प्रवेश फेरीतलं एक वर्ष जातं.

पात्रतेचं गणित स्वतः करा, दुसऱ्यावर सोडू नका. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नियमाप्रमाणे बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून किमान 45 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट 40 टक्के आहे. बाकी प्रवर्गांनी त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून आपल्या प्रवर्गासमोरचा आकडा वाचावा. इंग्रजीत पास असणं सक्तीचं आहे, पण इंग्रजीचे गुण या बेरजेत धरत नाहीत. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर तिन्ही विषय प्रत्येकी 100 चे, म्हणजे एकूण 300. त्यातले 135 हवेत. आता एक गुणपत्रिका समोर ठेवू: भौतिक 38, रसायन 41, जीव 55. तिन्ही विषयांत पास, एकूण टक्केवारी मराठी आणि इंग्रजीच्या जोरावर 58. घरात आनंद आहे. पण 38, 41 आणि 55 ची बेरीज 134 होते, म्हणजे 44.67 टक्के, आणि हे वर ओढून 45 करता येत नाहीत. एक गुण कमी पडला आणि दार बंद. असं काही दिसलं तर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, गुणपडताळणीचा किंवा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. त्याची मुदत फार लहान असते. ज्यांनी जीवशास्त्राऐवजी फक्त गणित घेतलं आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. कला-वाणिज्य शाखेच्या मुलामुलींसाठीही नाही. त्यांच्यासाठी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, आहे, त्याबद्दल पुढे.

वय प्रवेशाच्या वर्षातल्या 31 डिसेंबरला किमान 17 पूर्ण हवं. 2026 च्या प्रवेशासाठी जन्म 31 डिसेंबर 2009 किंवा त्याआधीचा हवा. कमाल वय 35. लग्न झालेलं असेल तर अडचण नाही, हे मुद्दाम लिहितो आहे, कारण लग्नानंतर शिकायची इच्छा असलेल्या कित्येक मुली "आता आपल्याला चालत नसेल" असं धरून चौकशीच करत नाहीत. मुलग्यांनाही हा अभ्यासक्रम खुला आहे. फक्त काही संस्था केवळ मुलींसाठी आहेत, ते पसंतीक्रम भरताना बघावं लागतं.

सीईटीचा पेपर 100 गुणांचा, बहुपर्यायी, संगणकावर. भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची असे पाच भाग, प्रत्येकी 20 गुण. नीटचा अभ्यास केलेल्या मुलांचा इथे एक हमखास गैरसमज होतो. ती जीवशास्त्रावर सगळा जोर देतात, कारण नीटमध्ये अर्धे गुण जीवशास्त्राचे. इथे जीवशास्त्र फक्त पाचवा हिस्सा आहे, आणि इंग्रजी तेवढंच वजनदार आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांनी रोज अर्धा तास इंग्रजीला द्यावा: काळ, शब्दयोगी अव्ययांचे प्रश्न, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, छोटा उतारा वाचून उत्तरं देणं. हे 20 गुण दोन महिन्यांत हातात येतात. भौतिकशास्त्राचे 20 गुण दोन महिन्यांत येतीलच असं नाही. नर्सिंग अभिरुचीला पाठांतर लागत नाही. रुग्णाशी कसं वागाल, एकाच वेळी दोन कामं आली तर आधी कोणतं, साधा तर्क, आरोग्याचं सामान्य ज्ञान, अशा वळणाचे प्रश्न सोडवून पाहिले की पुरे. उणे गुण नसतात, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

परीक्षा एकापेक्षा जास्त सत्रांत झाली की निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. 60 पर्सेंटाइल म्हणजे 60 गुण असं नसतं. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण 60 टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परिषदेच्या नियमात खुल्या प्रवर्गासाठी 50 वा आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गासाठी 40 वा पर्सेंटाइल ही पात्रतेची रेघ आहे.

आता कागद. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण प्रवेश हुकतात ते बहुतेक इथे.

अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात, ते आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सेतूतून काढता येतं. त्याच्या पूर्ण नावात वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून राष्ट्रीयत्वाचा वेगळा दाखला बहुधा लागत नाही. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतून झालेली लागतात. वडिलांच्या नोकरीमुळे दहावी बाहेरच्या राज्यात झाली असेल तर सैन्यदल आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या माहिती पुस्तिकेत शब्दशः वाचाव्या लागतात. बेळगाव, निपाणी, बिदर पट्ट्यातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत वेगळी तरतूद असते. त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा लागतो. ही गोष्ट सीमाभागात फार कमी घरांना माहीत आहे.

जातीचा दाखला असणं आणि जात वैधता प्रमाणपत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीत प्रवेश घेतल्या घेतल्या करायचा असतो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही-शिक्क्याची शिफारस घेऊन तो ऑनलाइन भरायचा आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते आणि तिथे वेळ जास्त लागतो. या अर्जात आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी, घरातल्या कुणाची आधी झालेली व्हॅलिडिटी हे सगळं जोडावं लागतं. घरात सख्ख्या काकांची किंवा मोठ्या बहिणीची व्हॅलिडिटी असेल तर काम खूप हलकं होतं, ती आधी शोधा. एखाद्या वर्षी समितीकडे अर्ज दिल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन मुदत दिली जाते, पण ते त्या वर्षीच्या शासन निर्णयावर अवलंबून असतं. पावतीवर भिस्त ठेवून बसू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर आरक्षणातला प्रवेश रद्द होतो.

नॉन क्रिमीलेअर दाखला इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) या सगळ्यांना लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून वाचा: कोणत्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे? अकरावीच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला घरात फाइलला लावलेला असतो, तोच उचलून अपलोड केला जातो, आणि तपासणीत कळतं की तो गेल्या मार्चमध्येच संपला. सिस्टीम मग अर्ज थेट खुल्या प्रवर्गात टाकते. तीच गोष्ट आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची. ते चालू आर्थिक वर्षाचं आणि राज्याच्या नमुन्यातलं हवं. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका, जूनमध्ये सेतूसमोर इतकी गर्दी असते की पंधरा-वीस दिवस सहज जातात.

नावाकडे लक्ष द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे तसंच सगळीकडे हवं. आधारवर वडिलांचं नाव "ज्ञानेश्वर", गुणपत्रिकेवर "न्यानेश्वर", जातीच्या दाखल्यावर "ज्ञानोबा", असे तीन प्रकार एकाच फाइलमध्ये सापडतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर हे फारच होतं. आधार दुरुस्त करणं सर्वांत सोपं, म्हणून ते गुणपत्रिकेनुसार करून घ्या. जे दुरुस्त होणार नाही त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. बारावीनंतर एखादं वर्ष गेलं असेल तर गॅप प्रमाणपत्र, म्हणजे त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं प्रतिज्ञापत्र, हेही लागतं. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला माहिती पुस्तिकेतल्या ठरलेल्या नमुन्यावरच हवा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणल्या तर परत पाठवतात. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का स्पष्ट असावा. दिव्यांग कोट्यात परिचर्येसाठी फक्त पायाचं 40 ते 50 टक्क्यांपर्यंतचं अपंगत्व ग्राह्य धरतात, आणि त्याचं प्रमाणपत्र ठरवून दिलेल्या मंडळाकडूनच घ्यावं लागतं.

सगळ्या मूळ कागदांचे किमान चार झेरॉक्स संच आणि एक स्कॅन केलेली प्रत मोबाइलबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवा. प्रवेश निश्चित झाला की मूळ कागद कॉलेजकडे जमा होतात, आणि त्यानंतर शिष्यवृत्तीच्या अर्जाला, वसतिगृहाला, बँकेच्या कर्जाला प्रत्येक ठिकाणी प्रती लागतात.

सीईटी दिली, निकाल लागला, आता कॉलेजकडून फोन येईल असं समजून बसणारी मुलं दरवर्षी असतात. सीईटीचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाच्या केंद्रीभूत फेरीचा, म्हणजे कॅपचा अर्ज वेगळा. कॅपसाठी पुन्हा नोंदणी करायची, पुन्हा शुल्क भरायचं, कागद अपलोड करायचे. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. ती आली की स्वतःच्या नावासमोरचा प्रवर्ग, मुलींचं आरक्षण, डोंगरी भाग किंवा सैनिक पाल्य असं जे काही मागितलं असेल ते तपासा. चूक असेल तर हरकत नोंदवायला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

पसंतीक्रम भरताना एकच नियम पाळा: जिथे खरोखर जायची इच्छा जास्त, ते वर. "वरचं कॉलेज आपल्याला मिळणार नाही, मग कशाला भरायचं" म्हणून खालची कॉलेजं वर टाकणाऱ्यांचं नुकसान होतं, कारण संगणक वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली जागा बसते तिथे थांबतो. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट, जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचं नाही ते नाव यादीत नकोच.

जागा मिळाल्यावर "स्टेटस रिटेन्शन" नावाचा फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे "मला हीच जागा ठेवायची आहे, पुढच्या फेऱ्यांत माझा विचार करू नका" असं लिहून दिलं. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते. नंतर "मला जुनंच बरं होतं" म्हणून परतता येत नाही. तेव्हा पहिल्या फेरीत बऱ्यापैकी कॉलेज मिळालं असेल तर रात्री घरी बसून नीट ठरवा: वरच्या पसंतीची राहिलेली कॉलेजं खरंच यापेक्षा हवी आहेत का? हो असेल तर फॉर्म भरू नका. नाही असेल तर भरून मोकळे व्हा. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्क "भरून टाका, सगळे भरतात" म्हणाला म्हणून सही करू नका. कोणत्या फेरीपर्यंत जागा सोडली तर पैसे परत मिळतात आणि कुठून पुढे शुल्क जप्त होतं, ते वेळापत्रकाच्या सूचनेत लिहिलेलं असतं. ती सूचना छापून भिंतीला लावा.

पसंतीक्रम कशाच्या आधारावर ठरवायचा? माझं ठाम मत आहे की कॉलेजची इमारत शेवटी बघायची, रुग्णालय आधी. नर्सिंग वॉर्डात शिकलं जातं. परिषदेच्या निकषांनुसार कॉलेजला स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय हवं आणि दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. प्रत्यक्षात काय आहे हे पाहायला सकाळी दहा-अकराच्या सुमाराला त्या रुग्णालयात साध्या नातेवाइकासारखे जा. ओपीडीच्या केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का? मेडिसिन वॉर्डात खाटांवर माणसं आहेत, की चादरी घडी घालून ठेवल्या आहेत? लेबर रूमच्या बाहेर बाकांवर बायका बसलेल्या आहेत का? बाळंतपणंच होत नसतील तर मुलगी प्रसूतीचे अनुभव कुठून भरणार, याचा विचार करा. त्या नोंदींशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मग विद्यार्थ्यांना चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात बसने नेतात. ते वाईटच असतं असं नाही, जिल्हा रुग्णालयात शिकायला भरपूर मिळतं, पण त्या बसचे पैसे कोण देतं आणि रात्रपाळी संपल्यावर परत कसं यायचं, हे आधी कळलेलं बरं.

हे सगळं सर्वांत खरं कोण सांगेल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या मुली. वसतिगृहाच्या फाटकाजवळ संध्याकाळी भेटा आणि चार प्रश्न विचारा. पोस्टिंग कुठे कुठे असतात? वॉर्डात सोबत शिक्षक असतात की तिथल्या सिस्टरच सांभाळतात? विद्यापीठाच्या परीक्षेआधी जादा पैसे मागतात का? मूळ कागद परत मागितले तर देतात का? शेवटच्या प्रश्नावर त्या एकमेकींकडे बघू लागल्या, तर ते नाव यादीत खाली न्या.

मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांना जोडलेली नर्सिंग कॉलेजं या कसोटीवर वर येतात. रुग्णांची संख्या प्रचंड, शुल्क कमी. कामाचा ताणही प्रचंड असतो, पण हात बसतो तो तिथेच. कॉलेज खाजगी असेल तर चार मान्यता तपासा: राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव. चारही चालू वर्षाच्या हव्यात, आणि मंजूर जागांचा आकडाही जुळायला हवा. एकाच संस्थेचं जीएनएमचं स्कूल मान्यताप्राप्त असतं आणि बी. एस्सी.चा अर्ज अजून प्रलंबित असतो. फलक मात्र एकच असतो.

शुल्काचं सांगायचं तर खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कॉलेजनिहाय, वर्षनिहाय जाहीर असते. त्यावर एक रुपयाही जास्त घेणं म्हणजे कॅपिटेशन फी, आणि त्यावर महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने बंदी आहे. पावती मागा, पावतीवर शीर्षक वाचा. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यात दोन अटी लोक विसरतात. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. आणि खाजगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. "आमच्याकडे डायरेक्ट घ्या, तीच सवलत मिळेल" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. वसतिगृह, खानावळ, गणवेश, बस यांचा खर्च सवलतीत येत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् अशा योजना आहेत. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे अडकतात, हे काम प्रवेशाच्या आधीच करून टाका.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या पालकांसाठी एक गोष्ट कळकळीने. शेजारच्या राज्यांतल्या कॉलेजांचे एजंट मे-जूनमध्ये गावोगाव फिरतात. तिथली चांगली कॉलेजं नक्कीच चांगली आहेत. पण "हजर राहायची गरज नाही, परीक्षेला या" असं जो म्हणतो त्याच्या कागदावर सही करू नका. परिषदेचा नियम असा की थिअरी आणि प्रात्यक्षिकाला प्रत्येकी 80 टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक वॉर्डातल्या पोस्टिंगची हजेरी 100 टक्के भरून काढावी लागते. शेवटच्या सत्रात 22 आठवड्यांची, एकूण 1056 तासांची इंटर्नशिप असते. हे तास न भरता मिळालेला कागद घेऊन कुणी रुग्णाच्या शिरेला हात लावू नये. शिवाय बाहेरच्या राज्यात शिकलात तर नोंदणी आधी तिथल्या परिषदेत आणि मग ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात, असा फेरा असतो.

सीईटी सेलच्या बाहेरची दोन दारं आवर्जून बघा. लष्करी परिचर्या सेवेच्या बी. एस्सी.ला फक्त अविवाहित, घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा मूल नसलेल्या विधवा महिला उमेदवार पात्र असतात. तिथे नीट लागते, त्यावर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. देशभरातल्या सहा कॉलेजांत मिळून 220 जागा आहेत, त्यांपैकी पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) 40 आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात 40. बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण आणि भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी या चार विषयांत मिळून 50 टक्के ही अट आहे. दुसरं दार एम्सच्या बी. एस्सी. ऑनर्स नर्सिंगचं. त्याची परीक्षा वेगळी, आणि इंग्रजी धरून चार विषयांत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. इथे इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. एसईबीसी आरक्षण तिथे चालत नाही.

जागा मिळालीच नाही तर तीन वर्षांचं जीएनएम हा मान खाली घालायचा पर्याय नाही. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना तो खुला आहे, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी. एस्सी. करून पदवी हातात येते. पाच वर्षं लागतात, पण मधल्या काळात नोकरी करता येते.

प्रवेश झाला की वर्ग सुरू होण्याआधीच एक काम करा. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांच्याबरोबर नर्सिंग फाउंडेशन असतं, म्हणजे काही आठवड्यांतच सुई आणि रक्त यांच्याशी संबंध येतो. कावीळ बीच्या (हिपॅटायटिस बीच्या) लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. लहानपणी घेतल्याची नोंद असेल तर ते कार्ड शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. नसेल तर प्रवेशाच्या आठवड्यातच पहिला डोस घ्या आणि बाकीच्या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. आकडा 10 च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा डोस सुरू करायचे, आणि आकडा कितीही आला तरी वॉर्डात हातमोज्यांशिवाय रक्ताच्या कामाला हात लावायचा नाही.